काच फुटलेल्या गाडीची राखण

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या मामांचं. आईचे थोरले भाऊ.

आमच्या दोन्ही घरांत मेंढरं. दिवाळी झाली की वडील आटपाडीकडचा माळ सोडून कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरायचे. आज या गावच्या शिवारात मुक्काम, उद्या त्या गावच्या. अशात पोराला शाळेत घालायचं म्हणजे कुठल्या गावच्या शाळेत? मामांनी मात्र पलूसजवळ थोडी जमीन करून पाय रोवला होता. एकदा ते आमच्या तळावर आले, भाकरी खाल्ली, हात धुतले आणि आईला म्हणाले, "ह्ये येक मला दे. येका पोरावाचून तुजी मेंढरं काय अडत न्हाईत."

आईनं दिलं. पहिलीपासून दहावीपर्यंत मी मामांच्या घरी वाढलो. पुढं साताऱ्याला वसतिगृहात राहून पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. आता सांगलीत हायस्कूलवर गणित शिकवतो. माधवनगरच्या रस्त्याला एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे आणि खाली पार्किंगमध्ये आमची पांढरी गाडी उभी असते. हे सगळं त्या एका वाक्यातून निघालेलं आहे, याचा मला विसर पडत नाही.

मामांची एक शिकवण आधी सांगायला हवी, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं. वाटेत कुणाचं कुंपण मोडलेलं दिसलं की धनी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. कळप पुढं निघून गेला आणि मागं कुंपण मोडलेलं सापडलं, की नाव मेंढरांवरच येतं. ती तिकडं फिरकलीही नसली तरी. हे पिढ्यान्‌पिढ्या सोसून आमच्या माणसांनी ही रीत धरली असावी. मी चौथीत असताना शाळेतून येताना आम्हाला एका द्राक्षबागेचं कुंपण वाटेवर आडवं पडलेलं दिसलं. आत कुणाची तरी गुरं शिरून गेली होती. मी म्हणालो, "मामा, चला की घरी." मामा त्या भगदाडात काठी रोवून उभे राहिले. ऊन कललं तेव्हा बागायतदार आला आणि काही न विचारता शिव्या द्यायला लागला. मामांनी त्याला दमेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाले, "मालक, मी मोडलं आस्तं तर मी हितं कशाला थांबलो आस्तो?" बागायतदार वाकून आडवं पडलेलं कुंपण उचलायला लागला. घरी येताना मामा मला म्हणाले, "निगून जातो त्येच्यावर आळ येतो. थांबतो त्यो साक्षीदार आस्तो. ध्यानात ठेव."

त्याच बागायतदारानं पुढं माझ्या वसतिगृहाच्या प्रवेशासाठी साताऱ्याला शब्द टाकला.

मी सांगलीत फ्लॅट घेतल्यापासून मामा दर आठवड्याला यायचे. त्यांच्या गावातून भाजीचा टेम्पो पहाटे सांगलीच्या बाजारात येतो. टेम्पोवाला त्यांना आमच्या फाटकापाशी उतरवायचा आणि माल देऊन परतताना घेऊन जायचा. मामांजवळ एक पोतं असायचं. त्यात मेथी, वांगी, कधी शेंगा, कधी गुळाची ढेप. इतक्या लवकर दार वाजवून माणसं उठवायची नाहीत, म्हणून ते खाली माझ्या गाडीमागं पोत्यावर बसून राहायचे. फटफटलं की वर यायचे. बायको त्यांना मोठा पेला भरून चहा द्यायची आणि ते बशीत ओतून पिता पिता सगळ्या गावाची खबर सांगायचे. मी घरात नसलो तरी त्यांचं चालायचं. बायको म्हणायची, "मामा तुमच्याकडं नाही, माझ्याकडं येतात."

गाडीची जागा मला मिळाली होती ती मागच्या भिंतीलगत, अगदी कोपऱ्यात. तिथं दिवसासुद्धा अंधार असतो. पण मामांना ती जागा आवडायची. वारं लागत नाही म्हणायचे. गाडीचा नंबर त्यांना वाचता येत नाही. कोपऱ्यातली पांढरी ती भाच्याची, एवढी ओळख त्यांना पुरे होती.

मग गाड्या फुटायला लागल्या. पहिल्यांदा भिंतीलगतच्या एका गाडीची काच फोडून कुणी टेप काढून नेला. थोड्या दिवसांनी तिच्याच शेजारच्या गाडीतून लॅपटॉपची बॅग गेली. स्कूटरच्या डिक्क्या उचकटल्या गेल्या. पोलीस येऊन पंचनामा करून गेले. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पहिला प्रश्न, "आज कुणाची?" माणसं गॅलरीत उभी राहून दात घासताना खाली आपापली गाडी मोजून बघायला लागली. आमच्या गाडीला मात्र काही झालं नाही. आत चोरण्याजोगं काही नाही हे चोरालाही बाहेरून कळतं, असं बायकोचं मत.

पार्किंगमध्येच खुर्च्या टाकून मिटिंग झाली. मेडिकलचं दुकान असलेले आमचे सेक्रेटरी कागद घेऊन उभे राहिले.

"कॅमेरे आहेत की आपल्याकडं," कुणीतरी म्हणालं.

"आहेत ना," सेक्रेटरी म्हणाले. "एकात कबुतराचं घरटं दिसतं. दुसऱ्यात पाण्याच्या टाकीचं झाकण. चोर टाकीत उतरला तर सापडेल."

नवे कॅमेरे, दिवे, राखणदार बदलायचा, असे ठराव झाले. मग भिंतीलगतचे लोक उठले. पुढं गाड्या लावणारे सुखात आणि फुटायचं ते फक्त आमचं का? तेही खरं होतं. मी हात वर केला आणि म्हणालो, "जागांची पाळी लावू या. पाटाच्या पाण्याला असते तशी. रात्रीची पाळी कुणालाच नको असते, पण फिरत फिरत सगळ्यांना येते, म्हणून तक्रार राहत नाही. महिन्याला प्रत्येकानं एक जागा पुढं सरकायचं."

"सर, हे अपार्टमेंट आहे, पाट नव्हे," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले.

"का? चांगलं बोलतायत सर," मागून आवाज आला. आमच्या वरच्या मजल्यावरचे सुभेदार. खानापूरकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी पांढरीच, माझ्याच गाडीसारखी, फक्त इतकी पुसलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. "कोपऱ्याची पहिली पाळी माझी. बघतो कोण मायचा लाल येतो ते."

दुसऱ्या दिवशी मी माझी गाडी जिन्याजवळ आणली आणि सुभेदारांनी आपली कोपऱ्यात लावली. ही गोष्ट मामांना सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. गाडी आणि मामा यांचा तसा संबंध कुणाच्या डोक्यात येणार?

त्यानंतर आलेल्या पहिल्याच भाजीच्या टेम्पोबरोबर मामा आले. जुना राखणदार त्यांना ओळखायचा, पण तो आता नव्हता. नवा नळावर तोंड धूत होता. मामा सवयीनं कोपऱ्यात गेले. पांढऱ्या गाडीची मागची काच फुटलेली होती, खाली चुरा पडला होता. भाच्याची गाडी कुणीतरी फोडली, एवढंच त्यांना कळलं. आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पोतं टेकवलं, खांद्यावरची घोंगडी पांघरली, काठी आडवी धरली आणि धनी येईपर्यंत राखण करत बसले.

धनी आला. पण तो मी नव्हतो. सुभेदार रोजच्याप्रमाणे फिरायला म्हणून खाली उतरले होते. पुढचं मला नंतर दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण शब्द दोघांचेही तेच होते.

"कौन है? हिलना मत!"

"तूच हालू नगंस. गाडीला हात लावशील तर बघ."

"अरे, गाडी माझी आहे!"

"आसंच म्हंत्यात समदी. ही माज्या भाच्याची हाय."

"ही बघ किल्ली! दिसती का?"

"काच फोडल्याव किल्ली दावतोस व्हय रं?"

सुभेदारांचं हिंदी संपलं. रागानं त्यांची खानापूरची भाषा वर आली. "आवं, काठी सोडा की! म्हातारं मानूस हाय म्हणून ऐकतोय, न्हाईतर…"

"न्हाईतर काय रं? म्हातारा कुनाला म्हंतोस? तुज्या मिशा काय काळ्या हायत व्हय?"

बायकोनं मला हलवून उठवलं. "अहो, हा मामांचा आवाज नाही का?" मी अनवाणीच जिना उतरलो. बघतो तर काठीचं एक टोक मामांच्या हातात आणि दुसरं सुभेदारांच्या, दोघंही जोर लावून उभे. मला बघताच दोघांचेही चेहरे उजळले.

"ये. धरलाय बघ त्येला," मामा म्हणाले.

"या सर. पकडलाय बघा," सुभेदार म्हणाले.

मी दोघांच्या मधे उभा राहिलो आणि कोण कोण आहे ते सांगितलं. हसू आवरेना मला. सुभेदारांनी काठी सोडली. मामांनी सोडल्यासारखी केली. एव्हाना गॅलऱ्या भरल्या होत्या. सगळं तिथंच हसण्यावारी जायचं, पण वरून सेक्रेटरींचा आवाज आला.

"ते ठीक आहे सर. पण काच फुटलेली दिसल्यावर माणूस ओरडेल, निघून जाईल. हे इथं बसले कशाला? आणि पोत्यात काय आहे ते तरी बघून घ्या."

"काही बघायची गरज नाही," मी वर बघून मोठ्यानं म्हणालो. "माझे मामा आहेत ते. त्यांनीच मला शिकवलंय."

पण मामा वाकले होते. त्यांनी पोत्याची गाठ सोडली आणि सगळं पोतं फरशीवर उलटं केलं. मेथीच्या जुड्या, वांगी, आणि शेंगाच शेंगा. शेंगा घरंगळत सगळ्या गाड्यांखाली गेल्या. मामांनी रिकामं पोतं उलटं करून झटकलं, सगळ्या गॅलऱ्यांना दिसेल असं.

"बगा. येकदा बगूनच घ्या."

सेक्रेटरी आत गेले. मी म्हणालो, "मामा, आवं वर चला की. च्या टाकलाय."

"नगं. टेम्पो येईल," ते म्हणाले. टेम्पो यायला खूप वेळ होता. ते फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मीही शेजारी उभा राहिलो. बायको चहाचा पेला घेऊन तिथंच आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण चहा घेतला नाही. टेम्पोत चढताना एवढंच म्हणाले, "चुकलं माजं. जागा चुकली."

पुढच्या आठवड्यात पोतं आलं, मामा आले नाहीत. टेम्पोवाल्यानं फाटकापाशी ठेवून हॉर्न दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. गाठ मामांच्याच हातची, कुणाला सहज सुटू नये अशी. बायको ती दातांनी सोडायची आणि डोळे पुसायची.

मी फोन केला. मामांचं फोनवरचं बोलणं नेहमीचंच, "बरं हाय. पोरं बरी हायत न्हवं? हां, मामीला देतो." मामी मात्र बोलली. "रागावल्यालं न्हाईत रं ते. पर तुला म्हाईत हाय त्येंचं. जितं आळ आला तितं दुसऱ्यांदा पाऊल टाकायचं न्हाई. जल्मभर कुनाच्या कुंपनाजवळ कुनी बोट दावलं न्हाई, आन् आता भाच्याच्या दारात…"

"मामी, आळ कसला? क्षणाची गोष्ट ती. सगळ्यांना पटलंय."

"तुमाला पटलंय रं. आमच्यात कसं आस्तं, ठावं हाय न्हवं? ज्येनं आळ घेतला, त्येनं दारात यिऊन भाकरी खाल्ली की आळ उतरतो. तोंडानं न्हाई उतरत."

मला हे माहीत होतं. लहानपणी दोनदा तरी मी अशा पंगतीला बसलो होतो. पण सुभेदारांना हे कसं सांगायचं? गाडी त्यांची फुटली, काच त्यांनी बसवली, आणि वर मी त्यांना भाकरी खायला पलूसला चला म्हणू?

ते मला सांगावंच लागलं नाही. एका संध्याकाळी सुभेदार आमच्या दारात आले. हातात रुमालाची पुरचुंडी. "तुमच्या मामांच्या शेंगा," ते म्हणाले. "गाडी काढली की चाकाखाली कुटकुट वाजतं. वाकून गोळा केल्या." पुरचुंडी टेबलावर ठेवून ते खुर्चीच्या कडेवर बसले. "सर, मामा दिसत नाहीत हल्ली."

मी सगळं सांगितलं. द्राक्षबागेचं कुंपणही सांगितलं आणि मामी काय म्हणाली तेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आम्हाला फौजेत दुसरं काय शिकवलं? पोस्ट सोडायची नाही. रिलीफ येईपर्यंत जागा सोडायची नाही. त्या माणसानं तेच केलं. आणि मी त्याला हिलना मत म्हणालो." मग त्यांनी विचारलं, "भाकरी कसली असते हो तुमच्याकडं?"

"बाजरीची. आणि खरडा."

"मग काय अडचण आहे?"

त्याच आठवड्यात मिटिंग होती. नवे दिवे लागले होते, कॅमेऱ्यांची तोंडं वळवून झाली होती, कबुतराचं घरटं कुणी काढलं नव्हतं. चोर काही सापडला नाही, पण त्यानंतर काच फुटली नाही. सेक्रेटरींनी फलक लावायचं काढलं, बाहेरच्या माणसांना पार्किंगमध्ये बसायला मनाई. सुभेदार उभे राहिले. "माझ्या फुटलेल्या गाडीजवळ एकच माणूस बसला," ते म्हणाले. "आपण सगळे वर झोपलो होतो. तुम्ही फलक लावा, मी काढून टाकतो. आणि रविवारी मी सरांबरोबर त्यांच्या दारात भाकरी खायला चाललोय." सेक्रेटरी हसले, पण त्यांचं हसू टिकलं नाही. कागद दुमडून खिशात घालत मला म्हणाले, "सर, मलाही येऊ दे गाडीत. मागं बसेन."

मामांना फोनवर हे सगळं सांगता येत नाही. साताऱ्याला असताना मी त्यांना पत्रं लिहायचो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून कुणीतरी ती वाचून दाखवायचं आणि सगळं घर गोल बसून ऐकायचं. आता त्यांची नात वाचते. म्हणून मी पुन्हा पत्रच लिहिलं. ते असं:

मामा,

पाया पडतो. नातीला सांगा, सावकाश आणि मोठ्यानं वाच, आणि मामीला चुलीपासून उठवून आणा. तिच्याशीही काम आहे.

येत्या रविवारी आम्ही चौघं येतोय. मी, तुमची सून, आणि तुम्ही ज्यांची काठी धरली होती ते सुभेदार. चौथे ते, ज्यांनी वरून पोत्याचं विचारलं. मी कुणाला चला म्हटलेलं नाही. सुभेदारांनी स्वतःहून विचारलं आणि सेक्रेटरींनी स्वतःहून जागा मागितली. दोघंही तुमच्या दारात भाकरी खाणार आहेत. खरडा नेहमीसारखा कर म्हणावं मामीला, पाहुणे म्हणून कमी तिखट नको. सुभेदारांना सोसेल. दुसऱ्यांचं माहीत नाही, पण ते खाणार म्हणतात.

मामा, तुम्ही जाताना म्हणालात, जागा चुकली. जागा तुमची नाही चुकली. गाड्यांची पाळी लावा असं मीच मिटिंगमध्ये सुचवलं होतं आणि तुम्हाला कळवायचं राहिलं. पाळी मी तुमच्याबरोबर पाटावर पाणी धरतानाच शिकलो, एवढंच माझं म्हणणं.

त्या बागेच्या भगदाडात तुम्ही उभे राहिलात तेव्हा मला घरी जायची घाई होती. तुम्ही थांबलात म्हणून पुढं माझं शिक्षण झालं. कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो. त्या पहाटेही तुम्ही माझी गाडी समजून थांबलात. ती दुसऱ्याची निघाली, पण राखण झाली ती झालीच. सुभेदार सगळ्यांसमोर हेच बोलले.

शेंगा अजून सापडतात. परवा एक माझ्या गाडीखाली निघाली, जिन्याजवळ. कुठं कुठं गेल्या होत्या बघा.

रविवारी जेवण झालं की परतताना तुम्ही आमच्याबरोबर यायचं आहे. टेम्पोची वाट बघायची नाही. आणि पुढंही यायचं. माझी गाडी कुठं असेल ते मला सांगता येणार नाही, पाळी फिरत राहते. पण आता ते शोधायचं कारण नाही. फाटकातून आत आलात की जी पांढरी गाडी दिसेल तिच्यामागं बसा. काळी दिसली तर काळीमागं बसा. सगळ्यांना विचारून झालंय. कुणाची ना नाही.

पोत्याची गाठ मात्र जरा सैल बांधा. तुमच्या सुनेचे दात दुखतात.

तुम्ही तळावरून मागून आणलेला,
तुमचा भाचा